भरून ठेवलेली भांडी

झाशी
मे महिन्याचा तिसरा आठवडा

प्रिय अंबू,

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तुझा दादा म्हणाला, पहिलटकरणीला बोलावणं पत्रानंच जातं, कोपऱ्यावर कुंकू लावून, ही आपल्या घरची रीत आहे आणि ती मोडायची नाही. एरवी ज्याला स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, त्याला अचानक रीत आठवली. मग हळूच पुढे म्हणाला, "शिवाय तुझं अक्षर पाहिलं की ती नाही म्हणणार नाही." तर कुंकू लावलं आहे. थोडं फिसकटलं, कारण या उकाड्यात बोटाला सारखा घाम येतो. दुपारी बाराला दतिया गेटपाशी कुत्रंसुद्धा दिसत नाही. शाळेला सुट्टी लागली, त्यामुळे मी घरीच. कूलरसमोर खाट टाकून मामंजी झोपले आहेत आणि मी दाराशी बसून लिहिते आहे, म्हणजे नळाला पाणी आलं तर आवाज ऐकू येईल.

नळाचं तुला माहीत आहेच. एक दिवसाआड येतो, कधी दोन दिवसांनी, आणि आला की आपल्या घरात जी धावपळ उडते ती अजून तशीच आहे. पिंप भरलं, कळश्या भरल्या, घंगाळ भरलं, की मामंजी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि विचारतात, "चहाची किटली?" मी म्हणते, भरली. "तांब्या? ती लहान तपेली?" भरली, मामंजी, सगळं भरलं. मग त्यांचं समाधान होतं. या घरात भांडं एक तर भरलेलं असतं, नाही तर घासायला पडलेलं. रिकामं ते फडताळात बसत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हा वेडेपणा वाटला होता. माझ्या माहेरी विहीर होती. तू दहा वर्षांची होतीस, आणि तुझी बाहुलीची पितळी भांडीसुद्धा पाण्यानं भरून ओळीनं ओट्याखाली मांडली होतीस. मला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं की नणंद लहान असली तरी तिला 'वन्सं' म्हणायचं, 'अहो' म्हणायचं. मी तुला विचारलं, "वन्सं, हे एवढंसं पाणी कोण पिणार हो?" तू गंभीरपणे म्हणालीस, "मुंगीला तहान लागली तर?" आणि मग आपण दोघी तोंडावर पदर आणि फ्रॉक घेऊन इतक्या हसलो की मामंजी बाहेरून खाकरले. तुझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून तू माझी वन्सं राहिली नाहीस. काय झालीस, ते आपण दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि बरंच झालं.

कौशिकरावांचं स्थळ आलं तेव्हा मामंजींची एकच शंका होती. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर, आणि पोरगी वसईत, खाडीच्या तोंडाशी, एकटी. मी म्हटलं, पाण्याला तरी तोटा नाही. ते वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

गेल्या श्रावणात तू फोनवर म्हणालीस, "थोडं पाणी आलं होतं, वहिनी, उतरलं." एवढंच. इथे टीव्हीवर आम्ही बोटीतून माणसं नेताना पाहत होतो आणि तू म्हणत होतीस, थोडं पाणी. गौरी जेवून गेल्या आणि मी न सांगता गाडीत बसले, ते म्हणूनच. तुझ्या मिठागर गल्लीत शिरले तर भिंतीवर माझ्या छातीच्या वर एक काळपट रेघ होती, सगळ्या घरांवरून एकसारखी गेलेली, जणू कोणी दोरी धरून आखली आहे. तुझ्या खोलीतही तीच रेघ. तू तिच्यावर कॅलेंडर लावलं होतंस. मी ते उचलून पाहिलं, तू पाहिलंस की मी पाहिलं, आणि तू चहा टाकायला गेलीस.

बाकीचं मला तुझ्याकडून कळलं नाही. ते कळलं वरच्या मजल्यावरच्या उषाताईंकडून. त्यांच्या पोळीभाजीच्या डब्यांचा घमघमाट जिन्यापर्यंत येतो, म्हणून मी वर गेले, तर त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पोळ्या लाटता लाटता सुरू झाल्या. "तुमची नणंद म्हणजे ना, येडी आहे. आल्यापासून बघतेय, समुद्राच्या शेजारी राहते आणि पाणी भरून ठेवते. आम्ही हिला टंकीबाई म्हणायचो." मग म्हणाल्या, त्या दिवशी रिक्षातून भोंगा फिरला, मोठं उधाण आणि पाऊस एकत्र येणार आहे, तळमजल्यावाल्यांनी सामान वर हलवा. सगळ्यांनी गाद्या उचलल्या, शेगड्या उचलल्या, कागदपत्रं पिशवीत घातली, भांडी एकात एक घालून वर नेली. आणि ही बाई नळाखाली बसून एकेक भांडं भरते आहे. भरलेली कळशी घेऊन जिना चढते, ठेवते, परत उतरते. "मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, अगं, पाणी घरात शिरतंय आणि तू अजून भरून ठेवतेस? जिना अडवलास सगळा. तर म्हणते कशी, सवय आहे हो, रिकामं भांडं हातानं उचलवत नाही." पहिल्या मजल्याचा सगळा पॅसेज तू अडवलास. त्यावरून लोक चिडले, एकानं तर तुझी तपेली लाथेनं बाजूला सारली, असंही त्या म्हणाल्या. नाव सांगितलं नाही. मला वाटतं, तो त्यांच्याच घरातला असावा.

मग वीज गेली, खालचा पंप बुडाला, नळाला जे आलं त्याला गटाराचा वास होता. गळ्याइतकं पाणी आणि प्यायला थेंब नाही. उषाताई सांगत होत्या आणि त्यांचं लाटणं थांबलं होतं. तू म्हणे पॅसेजमध्ये बसलीस आणि कोणाला भांड्यात हात घालू दिला नाहीस. एका वाटीला लाकडी उलथन्याचा दांडा बांधलास आणि त्यानं काढून वरून ओतायचीस, आधी लहान मुलांना, मग म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना. सगळी बिल्डिंग तुझ्या भांड्यांवर निघाली. तपेली सारणाराही ओंजळ करून आला आणि तू त्याला दोनदा वाढलंस. "तेव्हापासून टंकीबाई म्हणायची आमची छाती नाही," उषाताई म्हणाल्या, "आता आम्ही अंबिकाताई म्हणतो, आणि पावसानं पत्रा वाजला तरी सगळ्या भांडी भरायला धावतात." माझी पोळीभाजी ताटात तशीच राहिली. त्यांना वाटलं, तिखट झालं.

परत आल्यावर मी हे मामंजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "वाटीनं काढलं? ओगराळं नव्हतं तिच्याकडे?"

इथे पार्वती, टहरौली गावची, अजून भांडी घासायला येते. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "हमाए गाँव में तो पानी देखबे खों तरसत हैं जिज्जी, और उतै पानी घर में घुस आओ?" पाणी आपणहून घरात शिरणं हे तिला दुःख वाटलं की चैन, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग घासता घासता म्हणाली, दोन्हीकडे भोगतो तोच, ज्याचं घर सखल. हे तिनं असंच म्हटलं, हात न थांबवता. मी ते मनात ठेवलं आहे. लोक तुमच्या गल्लीच्या धीराचं कौतुक करतात, पेपरातही आलं होतं म्हणे. मला त्या कौतुकाची थोडी भीती वाटते, अंबू. धीर आहे म्हटलं की मग नाला उपसायची कोणाला घाई राहत नाही. तू शूर आहेस म्हणून तुझ्या भिंतीवर ती रेघ नाही. तळमजल्याचीच खोली तुम्हाला परवडते, म्हणून ती आहे.

आणि ती खोलीही किती पातळ धाग्यावर आहे, ते मी तिथे असतानाच पाहिलं. तुझ्या शेजारच्या इंदिराबाई पुरानंतर दम लागतो म्हणून लेकीकडे गेल्या, दाराला कुलूप लावून. महिन्याभरानं आल्या तर त्यांच्या कुलपावर मालकाचं कुलूप, आणि आत सिमेंटची पोती. मी आले त्या दिवशी त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन, आणि सगळ्या बायका त्यांच्याभोवती. कोणी रडत नव्हतं. नंतर तू मला म्हणालीस, "आता गल्लीत कोणी कुलूप लावत नाही, वहिनी. कुलूप दिसलं की खोली गेली." म्हणून तू दिवाळीला आली नाहीस. कौशिकराव दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरी होते तरी आली नाहीस, म्हणालीस, ते आहेत तोवर भिंती सुकवून रंगवून घेते. मी दादाला हे कारण सांगितलं, तर त्याला पटलं नाही. ज्या घरात पाणी शिरतं त्या घरासाठी एवढा जीव कशाला, असं त्याचं म्हणणं. तो वाईट मनानं म्हणत नाही. तो रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढला आणि मग या घरात आला, दोन्हीकडे दाराला कुलूप लावून परत येता येतं.

आता इकडची तयारी ऐक. वरची खोली दादानं रंगवून घेतली, फिका पिवळा, तुझ्या आवडीचा. खिडकीला खसाचा पडदा आहे. मामंजींनी माळ्यावरून पाळणा काढवला, स्वतः बसून त्याच्या कड्यांना तेल दिलं. कड्या वाजत नाहीत ना म्हणून रिकामाच झुलवून पाहतात. हा पाळणा याआधी एकदा माझ्यासाठी उतरवला होता. तू सातवीत होतीस, तुला आठवत असेल. मग तो परत वर गेला, आणि त्याच्यावर चादर कोणी टाकली ते मी कधी विचारलं नाही. मला नेहमी वाटत आलं आहे की ती तू टाकलीस.

तयारी एवढ्यावर थांबलेली नाही, आणि हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. दादानं कौशिकरावांसाठी मऊरानीपूरला एका धान्याच्या आडतीत शब्द टाकून ठेवला आहे. मी म्हटलं, अहो, जहाजाचं इंजिन चालवणारा माणूस मऊरानीपुरात हरभऱ्याच्या गोण्या मोजणार? तर म्हणाला, "गोण्या बुडत तर नाहीत." मामंजींनीही मान हलवली. त्या दोघांचं ठरलं आहे की जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आत, तुला आणायची. बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला, की म्हणायचं थंडी पडू दे. थंडी पडली की म्हणायचं बाळाला दात येऊ देत. असं करत करत तू इथलीच होशील. तोवर तिकडे कुलूप महिनोन्‌महिने लटकलेलं असेल, आणि पुढचं आपोआप होईल. एकदा आली की पाठवायची नाही, हे शब्द मामंजींचे आहेत. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी कपबश्या उचलून आत गेले.

आणि खरं सांगू? मला तो बेत आवडला. दोन दिवस मी त्या पिवळ्या खोलीत उगाच जाऊन बसले. वाळत घातलेली दुपटी, तेलाची वाटी, तू भिंतीला टेकून बसलेली, आणि मांडीवर. माझ्या आयुष्यात मी आणखी काही मागितलं नसतं, अंबू. हे पत्र लिहायला मी बसले ती पहिल्यांदा याच मनानं बसले होते. "लवकर ये, आम्ही वाट पाहतो" इथपर्यंत लिहिलंही होतं.

पण परवा तुझा फोन आला. मी विचारलं, पाय सुजतात का, तू म्हणालीस नाही. मी विचारलं, बाळ हलतं का, तू म्हणालीस, हो, संध्याकाळी जास्त. मग एकदम म्हणालीस, "वहिनी, मी नवं कुलूप आणलंय. चांगलं जड आहे." बस, एवढंच. येत नाही म्हणाली नाहीस, बाबांचं मन मोडवत नाही म्हणाली नाहीस, भीती वाटते म्हणाली नाहीस. लहानपणी आई आठवली की तू अशीच काहीतरी भलतीच गोष्ट सांगायचीस. पेन्सिलीला टोक केलं, म्हणायचीस. मी ते टोक पाहायची आणि तुला जवळ घ्यायची. या वेळी हात पोचला नाही. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले तर सगळी भांडी भरून ठेवलेली, ओळीनं, आणि मला एकदम तुझा तो पॅसेज दिसला. तुझं माहेर कधीच तिथे जाऊन पोचलं आहे आणि जिना अडवून बसलं आहे. मग तूच इकडे यायला हवं, असं कुठे आहे?

काल सकाळी मामंजी चहा घेत होते तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं. या घरानं पोरीला भरलेलं भांडं घेऊन पाठवलं, आता तिला तिचं घर सोडायला लावून परत आणायची का? त्यांनी कप खाली ठेवला. चहा गार झाला. मग काठी घेऊन उठले, फडताळाच्या खालच्या कप्प्यात खुडबुडले आणि ते लांब दांड्याचं पितळी ओगराळं काढलं, तुझ्या आईचं. पार्वतीला हाक मारून चिंचेनं घासून घेतलं. ते लखलखीत होऊन माझ्या पिशवीत आहे. मला म्हणाले, "हे ने. वाटीनं काढतात होय पाणी."

तर असं आहे. हे बोलावणंच आहे, म्हणून कुंकू पुसत नाही. फक्त येणार तू नाहीस, मी येणार आहे. मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले, आषाढापासून तुझा सव्वा महिना होईपर्यंत मला रजा आहे. कौशिकरावांचं जहाज या वेळी दिवाळीशिवाय परतत नाही, तोवर मी आहेच. डोहाळजेवण तिथेच करू, उषाताईंच्या पोळ्या आणि माझा नारळीभात. आपण दोघी वर त्यांच्या खोलीत झोपू, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे, आणि खाली तुझ्या खोलीत दिवसभर दार उघडं, चूल पेटती, दोरीवर माझी लुगडी. मालकाला येऊन बघू दे. माझी एकच अट आहे आणि ती तुला ऐकावी लागेल: उधाणाचे मोठे दिवस आले की भोंग्याची वाट न पाहता आपण चढावर जायचं. उषाताईंची बहीण दवाखान्याच्या मागेच राहते, आणि तेवढे दिवस इंदिराबाई तुझ्या दारात बसायला तयार आहेत, भोंगा फिरला की त्या वर उषाताईंकडे जातील. फोनवर म्हणाल्या, "बसते की. मला बसायला दार तरी मिळेल." त्यांना आपल्यातच ठेवून घ्यायचं का, ते आल्यावर बोलू. दादाला आज संध्याकाळी सांगेन. चिडेल, आणि मग तिकीट काढायला तोच जाईल. बाळाला बघायला मामंजी येणार म्हणतात, पाळणा बरोबर घेऊन. रेल्वेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला पाळणा डब्यात कसा चढवायचा ते विचारावं लागत नाही. तू फक्त एक कर. ते कुलूप अजून दुकानदार परत घेत असेल, तर देऊन ये.

तुझ्या दारात बसायला निघालेली, तुझीच,
कांचनवहिनी